ओढ्यात पडलेला फोन

दारसलामने वकीलबाईला तोंडावर खोटं सांगितलं, आणि तेही पापणी न हलवता.

"फोन? तो कधीच गेला ग पोरी. पळता पळता ओढ्यात पडला. पाणी केवढं होतं त्या दिवशी! माणसं वाहून गेली, तू फोनचं काय घेऊन बसलीस."

हे म्हणताना तिचा डावा हात छातीपाशी होता. तिथे तोबच्या, म्हणजे अंगाला गुंडाळलेल्या लांब वस्त्राच्या, पदराच्या गाठीत फोन होता, चांगला जिवंत, अंगाच्या उबेने गरम झालेला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं वेगळी. ही बाई भांड्यावर बसून ताक कुणी पाहिलंय का म्हणून विचारत होती.

वकीलबाई म्हणजे इखलास. परकी नव्हे, जिनेना शहरचीच पोर. हिचा बाप तिथल्या बाजारात कापड विकायचा आणि दारसलामने ईदचे कपडे वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच घेतलेले. आता जिनेना सीमेपलीकडे राहिली आणि कत्तलीतून वाचलेले सगळे इकडे आद्रे गावाच्या निर्वासित छावणीत. इखलास तिथे पाठीवर पिशवी टाकून तंबूतंबूंत हिंडायची, लोकांच्या फोनमध्ये जे काही उरलंय ते गोळा करायची आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात पाठवायची. उन्हाने काळवंडली होती, पण बोलणं बापासारखंच गोड. गिऱ्हाईक उठून जायला लागलं की बाप असाच एक ठाण आणखी उलगडायचा.

तिने उलगडलंच. "खाला, जरा नीट ऐक. ज्या कमांडरवर खटला चाललाय, तो म्हणतोय मी कत्तलीच्या दिवशी जिनेनात नव्हतोच. दूर होतो म्हणतो, पाहुण्यांकडे. आणि तो तिथे होता हे दाखवणारं आमच्याकडे काही म्हणजे काही नाही. साक्षीदार आहेत, पण त्यांनी त्याला तोंडाला फडकं बांधलेलं पाहिलंय. असलं तर एकच आहे. तुझ्या तिजानीचा निरोप."

"तो सगळ्यांकडे आहे की. माझ्या भावाने पाठवलाय जगभर."

भाऊ शेजारीच बसला होता. फकी सिद्दिग. छावणीत लाकडी पाट्यांवर पोरांना कुराण शिकवायचा. बहिणीहून धाकटा, दाढी पिकलेली, पण बहिणीपुढे अजून धाकटाच. सगळे बसले होते मस्तूराच्या चहाच्या टपरीवर, म्हणजे चार काठ्या, एक ताडपत्री, एक शेगडी आणि मस्तूराची जीभ.

"तोच तर घोळ आहे," इखलास म्हणाली.

घोळ असा होता. दारसलामचा पोरगा तिजानी मारला गेला, त्या दिवशी त्याने आईला पाठवलेला आवाजी निरोप तिच्या फोनमध्ये होता. आई पोरीबाळींबरोबर पुढे निघाली होती, तो मागे राहिला होता. सीमा ओलांडल्यावर फोनला नेटवर्क मिळालं आणि तिजानी बोलला. तोवर तिजानी नव्हता. सिद्दिगने पाहिलं की बहीण फोन कानाला लावून दगडासारखी बसून राहते. त्याने तो निरोप आपल्या फोनवर घेतला, वर भाच्याचा ईदचा फोटो लावला, आणि मेलेल्याचा आवाज असा उघडा बाजारात फिरू नये म्हणून त्यावर स्वतःच्या आवाजात कुराणाचं पठण घातलं. आवाज खाली, पठण वर. त्यांच्यात असंच करतात. मेल्या माणसाला कापडाशिवाय पुरत नाहीत, मग त्याचा आवाज तरी उघडा कसा सोडायचा? सिद्दिगने तो पुढे पाठवला आणि आपल्याकडचा मूळ निरोप पुसून टाकला. मामाच तो, त्यालाही ऐकवत नव्हतं.

"हेगला एक माणूस बसतो," इखलास म्हणाली, "दिवसभर कानाला यंत्र लावून. त्याला तुमच्या पठणाखाली, तिजानीच्याही खाली, आणखी एका पुरुषाचा आवाज लागला. लांबून, भोंग्यातून बोलल्यासारखा. शब्द नीट कळत नाहीत, पण आवाज त्या कमांडरचा वाटतोय. आणि नुसतं वाटून कोर्टात चालत नाही. त्याचा वकील पहिलं वाक्य काय बोलेल सांगू? ही फाईल जोडकाम केलेली आहे, हिच्यात उद्या कोणीही काहीही घालेल, फेका बाहेर. आणि ते फेकतील, खाला. मूळ निरोप नसेल तर फेकतील."

सिद्दिगचा चहा हातातच राहिला. "म्हणजे... म्हणजे मी अल्लाच्या शब्दाखाली मारेकरी लपवला?"

"फकी, असं नका—"

"लपवलाच की! माझ्या पोराचा खुनी माझ्याच गळ्याखाली बसून राहिला!" त्याने चहा खाली ठेवून दिला. एरवी दुसऱ्याला धीर देणारा माणूस, पण स्वतःची वेळ आली की शहाण्याचंही अवसान गळतं.

"आधी ऐका," इखलास जरा दटावूनच म्हणाली. "नुसता गोळीबार आणि एका पोराची कुजबुज, हे कोण कुणाला पाठवतं? कोणी नाही. लोक पुसून टाकतात. तुम्ही पठण घातलंत म्हणून तो लोकांनी जपला. दूरदेशी कुफ्राला गेला, जेद्दाला गेला, तिथून कुणाच्या तरी जावयाने आम्हाला दिला. तुमच्या गळ्यानेच तो हेगपर्यंत नेला, फकी. नाहीतर असा निरोप आहे हेच आम्हाला कळलं नसतं."

सिद्दिगने एवढा मोठा श्वास सोडला की शेगडीतली राख उडाली, आणि मस्तूरा "अहो फकी, हळू!" म्हणून ओरडली.

"पण मूळ हवाच," इखलास म्हणाली आणि पुन्हा दारसलामकडे वळली. "खाला, फोन खरंच ओढ्यात पडला?"

"अल्ला बघतोय, पडला," दारसलाम म्हणाली. अल्ला खरोखरच बघत होता, पण त्याच्याआधी मस्तूरा बघत होती.

"अगं बाई!" मस्तूराने कमरेवर हात ठेवला. "मग दर गुरुवारी झकरियाच्या सोलरवर चार्जिंगला कुणाचं भूत जातं ग? मासे आणून देतात का तो ओढ्यातून?"

टपरीवरची दोनचार गिऱ्हाइकं खोखो हसली. दारसलामचा चेहरा पडला. "तुझ्या जिभेला इंगळी डसो," ती पुटपुटली आणि छातीवरचा हात आणखी घट्ट झाला. झाकली मूठ उघडली होती.

इखलास हसली नाही, रागावलीही नाही. स्टूल जवळ ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. बराच वेळ काही बोललीच नाही. हे बापाचं नव्हे, हे तिचं स्वतःचं होतं.

शेवटी दारसलामच बोलली. "तू त्या हलीमाचा फोन पिशवीत घालून नेलास. सील केलंस. परत आला तो?"

"येईल. त्याची काच फुटली होती, आतलं इथे निघत नव्हतं, म्हणून न्यावा लागला."

"माझा तू नेणार नाहीस."

"नाही नेणार. नक्कल करून घेईन इथेच, तुझ्या डोळ्यासमोर."

"नक्कल!" दारसलाम एकदम उसळली. "तेच तर नकोय मला. नक्कल केली म्हणूनच एकदा घर बसलं माझं!"

आणि मग ती बोलत सुटली. तिचा नवरा अबकर कुफ्राला कामाला गेला होता, तिजानी पोटात असताना. तेव्हा चिठ्ठ्या कोण लिहितं, लोक कॅसेट भरून पाठवायचे. अबकरने एक कॅसेट पाठवली, दोन्ही बाजूंनी भरलेली. बायकोची चौकशी, म्हशीएवढ्या मोठ्या टरबुजांच्या थापा, आणि शेवटी एक गाणं, तेही बेसूर. ती सासूने ऐकली, दिरांनी ऐकली. मग दिरांना नक्कल हवी, नणंदेला हवी, कुफ्रात ज्यांची पोरं होती त्या सगळ्यांना हवी. ती या यंत्रातून त्या यंत्रात फिरली. अबकर तिकडेच तापाने गेला. आणि कॅसेट परत दारसलामच्या हातात आली तेव्हा तिच्यात नुसता वारा वाहत होता. वाऱ्यामागे लांब कुठेतरी एक माणूस बोलतोय असं वाटायचं, बस.

"झिजला माझा नवरा," ती म्हणाली. "सगळ्यांनी थोडा थोडा नेला आणि मला काही ठेवला नाही. आता पोराचा आवाज मी वाटत बसू? मी स्वतः ऐकायची झाले तरी फक्त जुम्म्याला ऐकते, तोही थोडासा. झिजेल म्हणून."

मस्तूराने न मागता आल्याची कॉफी ओतली आणि दारसलामच्या पुढे ठेवली.

इखलासने डोळे पुसले आणि आपला फोन काढला. "खाला, मला एक शिवी दे."

"काय?"

"शिवी. चांगली घसघशीत. मनात असेल ती."

शिवीला दारसलामला आमंत्रण लागत नसे. "मेले," ती म्हणाली, "तुझ्या बापाने कापड मोजताना वीतभर चोरलं आणि आता तू माझ्या पोराचा आवाज मोजायला आलीस!"

"वा!" इखलासने ते फोनमध्ये भरून घेतलं. मग आपल्या फोनवरून मस्तूराच्या फोनवर धाडलं, मस्तूराच्यावरून सिद्दिगच्या, सिद्दिगच्यावरून एका गिऱ्हाइकाच्या. मग तर सगळी टपरीच पुढे सरसावली, मला पण, मला पण, आणि ती शिवी अर्ध्या रांगेत फिरून पार पलीकडच्या शिंप्याकडे जाऊन आली. शेवटच्या माणसाने ती वाजवली.

"मेले, तुझ्या बापाने कापड मोजताना..."

दारसलामने कान पुढे केला. डोळे बारीक केले. पुन्हा वाजवायला लावलं. मग इखलासच्या फोनवरची पहिली वाजवायला लावली, मग पुन्हा शिंप्याकडची. गिऱ्हाइकं हसून हसून वाकली होती, पण ती अजिबात हसत नव्हती. ती कापडाला बोटाने चोळून पाहावं तशी एकेक शब्द चोळून पाहत होती.

"सर्दीचा सूरसुद्धा तसाच आहे," शेवटी ती म्हणाली.

"तसाच राहणार. कॅसेटची फीत घासते. यात घासायला काहीच नाही, खाला. फाईललाही अंगठ्याचा ठसा असतो. माणसाच्या अंगठ्यासारखाच, संगणक घेतो तो. ज्वारीच्या दाण्याएवढाही फरक पडला तरी ठसा बदलतो. फकींनी पठण घातलं, ठसा बदलला. पण नुसती नक्कल केली तर हजारावी नक्कलसुद्धा तोच अंगठा देते. कोर्टाला तेच हवंय. तिजानीचा निरोप, त्याचाच, कोणी हात न लावलेला."

"रोज ऐकला तरी झिजणार नाही?"

"दिवसभर ऐक."

इतके जुम्मे दारसलामने पोराला घोट घोट पुरवला होता, दुष्काळात पाणी पुरवावं तसा. आणि इथे विहीर भरलेली होती! तिला हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारावी कळेना. तिचा हात गाठीकडे गेला, गाठ अर्धी सुटली, आणि तिथेच थांबला.

"अजून एक आहे," ती खाली बघत म्हणाली. आता आवाज बारीक झाला होता. "मी शेवटपर्यंत कधी ऐकला नाही."

"म्हणजे?"

"तो म्हणतो, यम्मा, ऐकू येतंय का. मग म्हणतो शेजारच्या हमीदाच्या अंगणात बसलोय. आणि मग धाड्कन बार होतो. तिथे मी बंद करते. पुढे केवढं तरी आहे, रेघ दिसते ना लांब. पण पुढे तो... पुढे माझं पोर ओरडत असणार. मला हाक मारत असणार. मी सोडून आले त्याला, इखलास. गाढव घेऊन मागोमाग येतो म्हणाला आणि मी निघाले. कुठली आई अशी निघते?" तिने पदर तोंडात कोंबला.

सिद्दिगनेही मान फिरवली. कारण त्यानेही तिथपर्यंतच ऐकलं होतं. पठण त्याने न ऐकताच चढवलं होतं.

"मी ऐकू आधी?" इखलासने विचारलं. "एकटीच. ऐकण्यासारखं नसेल तर सांगेन, तू कधीच ऐकू नकोस. चालेल?"

दारसलामने मान हलवली. गाठ सुटली. इखलासने हातमोजे घातले, फोनचा सगळ्या बाजूंनी फोटो काढला, आणि पिशवीतून एक छोटी डबी काढून तिच्या वायरीने फोन आपल्या लॅपटॉपला जोडला. ही डबी फोनमधलं बाहेर येऊ देते, आत काही जाऊ देत नाही, असं तिने आधी दारसलामला सांगितलं आणि मगच वायर खोचली. मग नक्कल केली, दोन्हींचे अंगठे जुळवून दाखवले, फोन दारसलामच्या हातात परत ठेवला, आणि कानात यंत्र घालून नक्कल ऐकू लागली.

दारसलाम तिच्या तोंडाकडे बघत बसली. डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात तशी. इखलासच्या भुवया आक्रसल्या. मग इखलास एकदम फसकन हसली. हसली! नंतर तिचा चेहरा कठीण झाला, तिने झटकन काहीतरी टिपून घेतलं. आणि शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तोंड मात्र हसतंच होतं.

तिने यंत्र काढलं. "खाला, तो कुठेही ओरडत नाही. कुठेच नाही. तो बोलतोय. शेवटपर्यंत नुसता बोलतोय."

दारसलामचा जीव भांड्यात पडला. इतका जोरात पडला की तिला स्टुलावर बसवेना, ती सरळ खाली मातीत बसली.

"लाव," ती म्हणाली. "मोठ्याने लाव. सगळ्यांनी ऐकू दे."

"यम्मा, ऐकू येतंय का?" तिजानी म्हणाला. "मी हमीदाच्या अंगणात बसलोय. सावली आहे छान."

धाड्कन बार झाला. दारसलामचा अंगठा सवयीने हवेत वळला. तिजानी पुढे बोलू लागला.

"घाबरू नकोस, मला नाही लागला. पलीकडच्या गल्लीत झाला. यम्मा, मागे फिरू नकोस हां. मला माहितीय तुला, तू एका पळीसाठी परत येणारी बाई. गाढवबिढव काही नव्हतं. खोटं बोललो मी. तसं सांगितलं नसतं तर तू हललीच नसतीस. तू मला सोडून नाही गेलीस, कळलं का, मी तुला धाडलं. तू हे विसरशील आणि रडत बसशील, म्हणून सांगून ठेवतो."

"बघा!" दारसलाम सगळ्यांकडे बघत ओरडली. "बघा, काय म्हणतोय! मला धाडलं म्हणतोय!"

मग गाडीचा आवाज आला, आणि भोंगा. एक माणूस भोंग्यातून बोलला. ऐटीत बोलला, आधी स्वतःचं नाव घेतलं, हुद्दा सांगितला, आणि मग या गल्लीतला एकही पुरुष जिवंत ठेवू नका असं आपल्या माणसांना सांगितलं. स्वच्छ, शब्द न शब्द. आपलं नाव भोंग्यावर ऐकायची त्याला फार हौस असावी. ती हौस आता त्याला हेगमध्ये भोवणार होती.

सिद्दिग ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होता.

मग पुन्हा तिजानी, अगदी फोनच्या तोंडाशी. "ऐकलंस? आलं फोनमध्ये. मुद्दाम पकडून धरला होता. यम्मा, हे पदराला बांधून ठेवू नकोस. तुझी सवय मला माहितीय. सगळ्यांना दे. जो मागेल त्याला दे. बरं, ठेवतो."

आणि निरोप संपला. त्याने स्वतःच बटणावरून बोट उचललं होतं.

दारसलाम मातीत बसून रडली. पण ते वेगळं रडणं होतं. जड मोळी डोक्यावरून उतरवल्यावर मान मोकळी होते आणि दुखते, तसं काहीसं. मध्येच तिला हसू येत होतं. "पळीसाठी म्हणे! एकदाच गेले होते रे मेल्या, आणि ती पळी नव्हती, झारा होता!"

इखलासने संमतीचा कागद पुढे केला, तिने अंगठा उठवला. "खाला, त्या कमांडरचा वकील तुला पडद्यावरून प्रश्न विचारेल. आडवेतिडवे विचारेल."

"विचारू दे की. मला काय अल्लाने तोंड दिलं नाही?"

"दिलंय, दिलंय," मस्तूरा म्हणाली, "शिंप्यालाही माहितीय आता."

सिद्दिग बहिणीजवळ उकिडवा बसला. "दारसलाम," त्याने हळूच विचारलं, "याच्यावर पुन्हा पठण घालू का? नीट, हळू आवाजात? कोर्टाचा वेगळा, लोकांचा वेगळा."

तिने मान हलवली. "पठण तू रोज कर त्याच्यासाठी. पण याच्यावर नको. त्याला बोलू दे."

इखलास पिशवी पाठीला लावून निघाली तेव्हा दारसलामने पदराला गाठ मारायला घेतली, आणि फोन हातातच धरून थांबली. मस्तूराने आपला फोन तिच्यापुढे धरला होता. ती टोमणा मारायची विसरली होती.

"मला देशील?"

"घे," दारसलाम म्हणाली. "जो मागेल त्याला द्यायचाय."

मग शिंप्याने मागितला, झकरियाने मागितला, रांगेतल्या बायांनी मागितला. देऊन झाल्यावर तिने कॉफी हातात घेतली. ती गार झाली होती, पण तिने पिऊन टाकली, आणि जुम्मा नसताना, भर दुपारी, निरोप पहिल्यापासून लावला.

"यम्मा, ऐकू येतंय का?"

"येतंय रे," ती म्हणाली. "बोल तू."